एकाच वेळच्या सावल्या

बेगडेवाडी हे पुणे-लोणावळा लोकलच्या वाटेवरचं लहानसं स्टेशन. अलीकडे देहूरोड, पलीकडे घोरावाडी, आणि जवळच घोराडेश्वराचा डोंगर. सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हा फलाटावर माणसांच्या सावल्या पडतात आणि त्यांच्याच बाजूला दिव्यांच्या खांबांच्याही. माणसाची उंची आपल्याला ठाऊक असते, खांबाची नसते. ती काढायला खांबावर चढावं लागत नाही. मीटरभर लांबीची काठी फलाटावर सरळ उभी धरावी, तिची सावली मोजावी आणि लगेच खांबाची सावली मोजावी. काठीची सावली दीड मीटर भरली आणि खांबाची नऊ मीटर, तर खांब सहा मीटर उंच. दहावीच्या भूमितीत पहिलंच प्रकरण समरूपतेचं आहे, आणि त्या प्रकरणाचा सगळा जीव या एवढ्याशा मोजणीत आहे.

हे जमतं कसं, ते मात्र नीट थांबून पाहावं. सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर लांब. इतक्या लांबून आलेले किरण फलाटाच्या या टोकाला आणि त्या टोकाला समांतरच धरायचे. म्हणून काठीच्या टोकावरून उतरणारा किरण जमिनीशी जेवढा कोन करतो, तेवढाच खांबाच्या टोकावरून उतरणारा किरणही करतो. हा एक कोन जुळला. काठी आणि खांब दोन्ही जमिनीला काटकोनात उभे, हा दुसरा जुळला. आता तिसऱ्या कोनाला वेगळं वागायला वावच नाही, कारण तिघांची बेरीज १८० अंश ही आधीच ठरलेली आहे. पुस्तकात याला को-को कसोटी म्हणतात. मुलं ती पाठ करतात, आणि नाव इतकं गमतीचं आहे की ती लगेच पाठ होतेही. पण ही कसोटी किती विलक्षण आहे हे मुलांना कुणी तरी सांगायला हवं. दोन त्रिकोणांच्या बाजू किती लांब आहेत याची तिला चौकशीही करावी लागत नाही. ती फक्त कोन पाहते, आणि तेवढ्यावरून बाजूंच्या गुणोत्तराची हमी देते. चौकोनांना हे भाग्य नाही. चौरसाचे चारही कोन काटकोन, लांबट आयताचेही चारही काटकोन, तरी दोघांचा आकार वेगळा. कोनांवरून ज्याचा आकार पुरता पक्का होतो असा एकटा त्रिकोणच.

आणि या मोजणीत एक अट आहे, जिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. दोन्ही सावल्या एकाच वेळच्या हव्यात. काठीची सावली आठ वाजता मोजली आणि खांबाची दहा वाजता, तर गणित बिनचूक करूनही उत्तर चुकीचं येईल. भागाकारात चूक सापडणार नाही, गुणाकारात सापडणार नाही. मधल्या दोन तासांत सूर्य वर चढला, कोन बदलला, आणि जे दोन त्रिकोण आपण समरूप धरले ते समरूप राहिलेच नव्हते. तशीच जमीन सपाट हवी आणि काठी ओळंब्यात हवी. काठी मित्राच्या हातात किंचित कलली तरी उत्तरात फूटभर फरक पडू शकतो. गणिताच्या तासाला फळ्यावर काढलेल्या त्रिकोणात या अटी दिसत नाहीत, कारण तिथे त्या आपोआप पाळल्या गेलेल्या असतात. उन्हात उभं राहिलं की एकेक अट स्वतः पाळावी लागते, आणि तेव्हाच प्रमेयातला प्रत्येक शब्द कशासाठी आहे ते कळतं. म्हणून हा प्रयोग प्रत्येक शाळेच्या अंगणात व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. त्याला एक काठी, एक टेप आणि अर्धा तास ऊन एवढंच लागतं.

ही लोकल लोणावळ्याला थांबते. तिथून पुढे रूळ बोरघाट उतरतात. १८५६ साली काम सुरू झालं, १८६३ साली घाटातून गाडी गेली, आणि ते होईपर्यंत कित्येक मजुरांचा जीव गेला. या घाटातला सर्वांत खडा चढ ‘३७ ला १’ असा सांगतात. म्हणजे आडवं ३७ मीटर गेलं की रूळ १ मीटर चढतो, ३७० मीटर गेलं की १० मीटर. लहान-मोठे कितीही त्रिकोण त्या रुळाखाली कल्पावेत, सगळे एकमेकांशी समरूप. एवढासा कोन, पण तो पेलण्यासाठी कर्जतहून चढणाऱ्या जड गाडीला आजही मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. बांधला तेव्हा सुमारे सोळा मैलांच्या अंतरात घाट १८३१ फूट चढत होता. भागून पाहिलं तर सरासरी साधारण ४६ ला १ येते. म्हणजे ३७ ला १ हा चढ सगळीकडे नव्हता, काही भाग त्यापेक्षा सौम्य होते. एका भागाकारातून दीडशे वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांच्या कामाचा अंदाज येतो, याचं मला अप्रूप वाटतं.

पण दहावीतल्या मुलांना अडचण येते ती इथे नाही. ती कुठे येते हे मला बेगडेवाडीच्याच बाकावर दोन मुलींचं बोलणं ऐकताना कळलं. गाडीला वेळ होता. एकीच्या मांडीवर भूमितीची वही उघडी होती.

“अगं, हे दोन त्रिकोण समरूप आहेत हे कळलं मला. पण कोणती बाजू कोणाच्या खाली लिहायची?”

“लहान खाली, मोठी वर.”

“पण यात दोन्ही त्रिकोणांना एकच बाजू आहे. ती लहान की मोठी?”

दुसरी गप्प झाली. मग म्हणाली, “काका, तुम्हाला येतं का हो?”

त्या मुलीचा प्रश्न अगदी नेमका होता, आणि समरूपतेतली सगळी अडचण त्या एका वाक्यात होती. तिच्या वहीतली आकृती ही: काटकोन त्रिकोण अबक, काटकोन ब पाशी, त्याच्या समोरची बाजू अक हा कर्ण. ब पासून कर्णावर लंब टाकला, तो कर्णाला ड मध्ये मिळाला. एका त्रिकोणाचे दोन तुकडे झाले, मूळचा धरून तीन त्रिकोण, आणि तिन्ही एकमेकांशी समरूप. आता अब ही बाजू पाहा. मोठ्या त्रिकोणात ती काटकोनाला लागून असलेली साधी बाजू आहे. डावीकडच्या लहान त्रिकोणात, अडब मध्ये, तीच बाजू कर्ण आहे. बाजू तीच, लांबी तीच, पण एका घरात तिचं नातं वेगळं आणि दुसऱ्या घरात वेगळं. ‘लहान खाली, मोठी वर’ हा नियम इथे कोसळतो. कोणती बाजू कोणाखाली लिहायची हे तिच्या लांबीवरून ठरत नाही, ती कोणत्या कोनासमोर आहे यावरून ठरतं. कर्णासमोर कर्ण, लहान कोनासमोरच्या बाजूसमोर लहान कोनासमोरचीच बाजू. पुस्तकात याला संगती म्हणतात, आणि त्रिकोणांची नावं लिहिताना अक्षरांचा क्रम बदलू नका असं शिक्षक पुन्हा पुन्हा बजावतात ते याचसाठी. त्या क्रमात संगती लिहिलेली असते.

मी तिला सांगितलं, “बाळ, आधी प्रत्येक कोनात एक खूण कर. सारख्या कोनांना सारखी खूण. मग बाजूंकडे बघ.” तिने केलं. काटकोनांत चौकट, एका जोडीत एक कंस, दुसऱ्या जोडीत दोन कंस. मग ती पेन्सिलीने मोठ्या त्रिकोणावरून फिरली, आणि लहानावरून त्याच क्रमाने फिरली. मोठ्यात अब भागिले अक, लहानात अड भागिले अब. म्हणून अब चा वर्ग म्हणजे अड गुणिले अक. उजवीकडच्या त्रिकोणातून याच रीतीने बक चा वर्ग म्हणजे कड गुणिले अक. दोन्हींची बेरीज केली तर अड आणि कड मिळून पूर्ण अक होतो, आणि उजवीकडे अक चा वर्ग उरतो. तिने वर पाहिलं. “हे तर पायथागोरस झालं!” झालंच होतं. दुसऱ्या प्रकरणातलं ते मोठं प्रमेय पहिल्या प्रकरणातल्या संगतीतून ओळीने बाहेर आलं होतं, आणि ते तिच्या स्वतःच्या हाताखाली आलं होतं. गाडी आली, त्या दोघी चढल्या. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला शाळेतल्या कोणत्याही बक्षीस समारंभापेक्षा मोलाचा वाटतो.

त्यानंतर संगती ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. आपण दिवसभर तुलनाच करत असतो. ‘आमच्या वेळी आम्ही कंदिलाखाली अभ्यास करून पास झालो’, ‘शेजारच्याला बघ, नव्वद टक्के’. वाक्यं साधी आहेत, घराघरांत ऐकू येतात. त्यांत भागाकार केलेला असतो, पण संगती तपासलेली नसते. मावळात आषाढात भाताची लावणी लागली की शाळेआधी खाचरात दोन तास वाकून रोपं लावणारी मुलगी असते. तिच्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. तिला सत्तर टक्के पडले. दुसऱ्याच्या घरात आई-वडील दोघे शिकलेले, क्लास लावलेला, त्याला नव्वद पडले. सत्तर आणि नव्वद या दोन संख्या एकाखाली एक लिहिण्याआधी त्या एकाच वेळच्या सावल्या आहेत का, हे विचारायला हवं. नव्वदला कमी लेखायचं नाही, त्यामागेही कष्ट आहेत. पण कोन न पाहता लांबी तोलली की मुलांवर अन्याय होतो, आणि तो मोठी माणसं अगदी प्रामाणिकपणे करतात. भूमिती शिकलेल्या माणसाने तरी हे करू नये. ‘कशाच्या समोर काय’ हे आधी ठरवायची सवय दहावीत एकदा हाताला लागली, तर ती वहीपुरती राहणार नाही अशी माझी खात्री आहे.

क्षेत्रफळाचं प्रमेयही समरूपतेच्याच प्रकरणात येतं, आणि तिथे तर मोठी माणसंही फसतात. समरूप आकृतीची बाजू दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होतं. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. ६६ फूट लांब आणि ६६ फूट रुंद जागा म्हणजे चार गुंठे, दोन नव्हेत. जमिनीचा एवढा व्यवहार चालणाऱ्या आपल्या तालुक्यात हे प्रत्येकाला तोंडपाठ असायला हवं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, पण एक चौरस सेंटीमीटर म्हणजे २५ हेक्टर.

आता फलाटावरच्या त्याच खांबाकडे संध्याकाळी या. दिवा लागला आहे. दिवसा या खांबाची सावली पडत होती, आता तो इतरांच्या सावल्या पाडतो. इथे सगळंच बदलतं. सारख्या उंचीचे दोघे जण, एक खांबाजवळ आणि एक लांब, यांच्या सावल्या सारख्या नसतात. जवळच्याची आखूड, लांबच्याची लांब. प्रकाश जवळून येतो, किरण समांतर नाहीत, प्रत्येकाचा कोन निराळा. सकाळची रीत इथे चालणार नाही. पण समरूपता चालते, तिला फक्त वेगळे त्रिकोण शोधावे लागतात.

ते त्रिकोण आपल्याकडे फार पूर्वी शोधले गेले आहेत. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. त्याचा पहिला भाग लीलावती. त्यात छायाव्यवहार नावाचं प्रकरण आहे आणि त्यात दिव्याचंच उदाहरण आहे. दिवा साडेतीन हात उंच. त्याच्या पायथ्यापासून तीन हातांवर बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सावली मोजायची खुंटी, उभा केला. तर शंकूची सावली किती? हात चोवीस अंगुळांचा, म्हणून शंकू अर्धा हात. शंकूच्या टोकावरून दिव्याच्या खांबापर्यंत एक आडवी रेघ मनात ओढायची. रेघेच्या वर दिव्याचा जो भाग उरतो तो तीन हात उंच, रेघ तीन हात लांब. म्हणजे तीनाला तीन. खालचा लहान त्रिकोण या वरच्या त्रिकोणाशी समरूप, म्हणून अर्ध्या हाताच्या शंकूची सावली अर्धा हात, बारा अंगुळं. उदाहरणातले आकडे किती विचारपूर्वक निवडलेत पाहा. उत्तर शंकूएवढंच येतं, आणि शिकणाऱ्याला आपण बरोबर आहोत हे लगेच कळतं. शिकवण्याची ही कळकळ मला साडेआठशे वर्षांनंतरही त्या आकड्यांतून जाणवते.

हीच रीत आपल्या फलाटावर लावा. सकाळी खांब सहा मीटर उंच निघाला होता. रात्री दिव्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून पाच मीटर मोजा आणि मीटरभराची काठी उभी करा. काठीच्या टोकापासून वर दिव्यापर्यंत पाच मीटर, आडवं अंतरही पाच मीटर. म्हणजे काठीची सावली काठीएवढीच, एक मीटर, पडायला हवी. दिवा खांबाच्या टोकावरच असेल आणि सावली मीटरभर भरली, तर सकाळची मोजणी बरोबर. सूर्याने सांगितलेली उंची दिव्याकडून पडताळून घ्यायची, एकाच दिवसात. वेगळ्या कोनांच्या दोन वाटांनी एकच उत्तर आलं की त्यावर विश्वास बसतो, आणि हा विश्वास कोणा मोठ्याने सांगून येत नाही.

छायाव्यवहार संपवताना भास्कराचार्य सांगतात की जसं नारायणाने सगळं विश्व व्यापलं आहे तसं सगळं गणित त्रैराशिकाने व्यापलेलं आहे. इतक्याला इतके, तर इतक्याला किती, हे ते त्रैराशिक. समरूप त्रिकोणांच्या बाजूंची प्रमाणं हे त्याचंच दर्शनी रूप. या परंपरेचा मान राखणारी एक जागा आपल्या महाराष्ट्रात आजही आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या पदरचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापन झाल्याचं तो लेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. मठाला कोणकोणत्या मालावर किती द्यायचं याची जी नोंद त्यात आहे ती जुन्या मराठीत आहे. गणित शिकवण्यासाठी गावच्या बाजारातून वाटा काढून ठेवणारी माणसं आपल्याकडे होती, ही गोष्ट दहावीच्या मुलांना भूमितीच्या तासालाच सांगावी.

खांब झाला. आता डोंगर.

घोराडेश्वराच्या डोंगराची उंची याच रीतीने काढायला गेलं की एक खरा अडथळा येतो. खांबाच्या पायथ्याशी आपण जाऊन उभे राहू शकतो. डोंगराच्या माथ्याच्या बरोबर खालचा बिंदू मात्र डोंगराच्या पोटात, दगडात आहे. तिथून आपल्यापर्यंतचं अंतर मोजायचं कसं? पायऱ्या चढून लेण्यांपर्यंत आणि महादेवापर्यंत जाता येतं, महाशिवरात्रीला किती तरी लोक जातात, पण चढाची वाट म्हणजे ते आडवं अंतर नव्हे.

भास्कराचार्यांनी नेमका हाच अडथळा समोर ठेवून दुसरं उदाहरण घातलं आहे. दिव्याचा पायथा किती लांब ते ठाऊक नाही, उंचीही ठाऊक नाही. बारा अंगुळांच्या शंकूची सावली आठ अंगुळं पडली. शंकू सावलीच्या दिशेने दोन हात पुढे नेऊन ठेवला, तेव्हा सावली बारा अंगुळं झाली. दोन हात म्हणजे अठ्ठेचाळीस अंगुळं. पहिल्या सावलीच्या टोकापासून दुसऱ्या सावलीच्या टोकापर्यंत अठ्ठेचाळीस अधिक बारा वजा आठ, म्हणजे बावन्न अंगुळं. सावल्यांतला फरक चार. त्रैराशिक मांडलं की दिव्यापासून पहिल्या सावलीच्या टोकापर्यंत एकशे चार अंगुळं येतात, आणि दिव्याची उंची एकशे छप्पन अंगुळं, साडेसहा हात. जिथे जाता येत नाही त्या जागेचं अंतर, जिथे जाता येतं अशा दोन जागांच्या फरकातून काढलेलं आहे. मला हे समरूपतेतलं सर्वांत सुंदर पाऊल वाटतं.

डोंगरासाठी सावलीऐवजी नजर वापरावी. सपाट जागी डोळ्यापासून बरोबर एक मीटरवर मोजपट्टी उभी धरायची, मागून डोंगराचा माथा पाहायचा, आणि डोळ्याच्या पातळीपासून किती सेंटीमीटर वर तो माथा पट्टीवर दिसतो ते लिहायचं. समजा, वीस सेंटीमीटर. म्हणजे पाचाला एक. मग डोंगराला तोंड करून सरळ मागे शंभर मीटर यायचं आणि पुन्हा पाहायचं. समजा, आता १६.७ सेंटीमीटर. म्हणजे सहाला एक. पहिल्या जागी अंतर उंचीच्या पाचपट, दुसऱ्या जागी सहापट, आणि दोन्हींतला फरक एक उंची, जी शंभर मीटर निघाली. त्यात डोळ्याची उंची मिळवली की झालं. हे आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतलेत, घोराडेश्वराची उंची म्हणून नव्हे. ती ज्याची त्याने काढावी. मात्र रुळावर किंवा हमरस्त्यावर उभं राहून नव्हे, मोकळं मैदान पाहून, आणि बरोबर कोणी मोठं माणूस घेऊन.

काढताना एक गोष्ट लक्षात येईल, आणि ती अवश्य यावी. दुसऱ्या जागी पट्टी वाचताना तीन मिलिमीटर चुकले, १६.७ च्या जागी १७ वाचले, तर उंची शंभरऐवजी साधारण ११३ मीटर येते. तीन मिलिमीटरांचे तेरा मीटर झाले. दोन जागा एकमेकींच्या फार जवळ घेतल्या की त्रिकोण निमुळता होतो आणि लहान चूक मोठी होऊन समोर येते. उपाय एकच, पाया, म्हणजे त्या दोन जागांमधलं अंतर, लांब घ्यायचा. शंभराऐवजी पाचशे मीटर मागे आलं तर पट्टीवर दहा सेंटीमीटर दिसायला हवेत. तिथेही तीच तीन मिलिमीटरांची चूक झाली तर उत्तर १०६ च्या आसपास येतं. चूक निम्मी झाली.

विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली तेव्हा सगळ्यात आधी सुमारे साडेसात मैलांचा पाया जमिनीवर साखळीने मोजून घेतला, तो याच कारणासाठी. त्यांचं कोन मोजायचं थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचं होतं. एक पाया मोजायचा, मग कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचं. हे काम चालू असतानाच ते १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारले, आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते हिमालयापर्यंत नेलं. साखळी लावून मोजलेले पाये मोजकेच होते. बाकीची अंतरं कोनांवरून काढली.

बेगडेवाडीच्या आसपासच्या दोन विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या दिवशी हे करून पाहावं. एकाने पट्टी ओळंब्यात धरावी, एकाने वाचावं, मग जागा बदलून पुन्हा करावं. पट्टी आणि डोळा यांतलं मीटरभराचं अंतर दोरीने बांधून ठेवावं म्हणजे ते हलणार नाही. पहिल्या जागी खुणेला दगड ठेवावा, मागे जाताना माथा आणि तो दगड एका रेषेत राहतात का ते पाहत जावं. दोघांची उत्तरं वेगळी आली तर कोणाचं बरोबर यावर वाद न घालता पाया वाढवून तिसऱ्यांदा मोजावं, आणि तिन्ही उत्तरं वहीत जशीच्या तशी लिहून ठेवावीत.